कोल्हापूरचा उन्हाळा आणि घरातली औषधं : जागा शोधण्याच्या कामाच्या नोंदी

काम शिवाजी पेठेतल्या एका दुमजली घरात चाललं आहे. खालचा मजला जुना, जाड भिंतींचा. वरचा नंतर चढवलेला, स्लॅबचा. एसी नाही. घरात इन्सुलिन घेणाऱ्या आजी आहेत, एकाला थायरॉईडची गोळी आहे, एकाला दम्याचा पंप आहे आणि एक चार वर्षांचं पोर आहे. एप्रिल-मे मध्ये औषधं, मलमं, साबण, क्रीम, सॅनिटायझर यांतलं काय कुठं ठेवायचं हे अंदाजानं न ठरवता मोजून ठरवायचं, एवढंच काम. ज्यांना आपल्या घरी हेच करायचं आहे त्यांच्यासाठी नोंदी ठेवल्या आहेत. खर्च आणि फसलेले प्रयोगही लिहिले आहेत.

२६ मार्च : सगळं बाहेर काढलं

घरभर विखुरलेलं सगळं सोप्यात चादरीवर मांडलं. बाथरूममधल्या आरशामागचं कपाट, गॅसच्या वरची फळी, फ्रिजचा माथा, देवघराशेजारचा कोनाडा, वरच्या खोलीतली पत्र्याची पेटी आणि स्कूटरची डिकी, इतक्या ठिकाणांहून माल निघाला. एकाच तापाच्या गोळीची चार अर्धवट पाकिटं चार ठिकाणी सापडली. अशी विखुरलेली औषधं मुदत संपेपर्यंत कुणाच्या नजरेला पडत नाहीत.

मग लेबलं वाचून ढीग केले. ‘२ ते ८ अंश’ लिहिलेला एक, ‘२५ अंशांच्या खाली’ दुसरा, ‘३० अंशांच्या खाली’ तिसरा, आणि काहीच न लिहिलेल्या वस्तूंचा चौथा. साबण, शॅम्पू, टूथपेस्ट बहुतेक चौथ्यात गेले. इथं एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवायची : औषधावर ‘थंड जागी ठेवा’ लिहिलं असेल तर त्याचा अर्थ फ्रिज असा होत नाही. भारतीय औषधकोशात थंड जागा म्हणजे ८ ते २५ अंश. फ्रिजसाठी २ ते ८ हा आकडा वेगळा लिहिलेला असतो. आणि पाकिटावरची मुदत त्या लिहिलेल्या तापमानाला, बंद पाकिटासाठी असते. दोन महिने डिकीत भाजलेल्या गोळीला ती तारीख लागू नाही.

कात्रीनं कापलेल्या पाकिटांवर तारीख उरलेली नसते. त्यांतली कशाची आहेत हे नक्की कळलं नाही ती सगळी बाजूला काढली. इथून पुढे पाकीट कापताना तारखेचं टोक शेवटपर्यंत राखायचं आणि गोळ्या दुसऱ्या टोकाकडून काढत यायचं.

३१ मार्च : मापकं तपासली

तापमान आणि आर्द्रता दोन्ही दाखवणारी दोन डिजिटल मापकं आणली, ३२० रुपयांना एक. दिवसभरातला कमाल आणि किमान आकडा लक्षात ठेवणारंच मापक घ्यावं, नाहीतर दुपारी तीन वाजता तिथं कुणीतरी उभं राहावं लागतं.

स्वस्त मापकांची आर्द्रता सरळ धरायची नाही. मिठानं तपासता येते. बाटलीच्या झाकणात साधं मीठ घ्यायचं, ओलसर होईल इतपतच पाण्याचे थेंब टाकायचे. मीठ विरघळून पाणी झालं तर जास्त झालं, पुन्हा करायचं. हे झाकण आणि मापक एका झिपच्या पिशवीत घालून, पिशवी बंद करून रात्रभर ठेवायची. आत ७५ टक्के आर्द्रता तयार होते. आमच्या एका मापकानं ७१ दाखवलं, दुसऱ्यानं ७८. पाठीवर चिकटपट्टी लावून ‘+४’ आणि ‘−३’ लिहून टाकलं. पुढचे सगळे आकडे ही दुरुस्ती करून लिहिले आहेत.

६ एप्रिल : कुठं किती तापतं

प्रत्येक जागेवर पूर्ण एक दिवस-रात्र मापक ठेवलं. बाहेर पारा ३८ च्या आसपास.

बाथरूममधलं कपाट : कमाल ३३, म्हणजे तापमान तसं वाईट नाही. पण सकाळच्या अंघोळी झाल्यावर आर्द्रता ९० च्या वर, आणि दोन तास खाली येईना. गोळीच्या दृष्टीनं घरातली ही सगळ्यात वाईट जागा. ॲस्पिरिनला ओल लागली की तिचं सॅलिसिलिक ॲसिड आणि ॲसेटिक ॲसिड होतं. बाथरूममधल्या पाकिटातली एक गोळी फोडून पाहिली, व्हिनेगरचा स्पष्ट वास आला. असा वास आला की ती गोळी संपली समजायची.

गॅसच्या वरची फळी : कमाल ४१. हा आकडा रविवारचा आहे. मटणाचा बेत, शेगडी दोन तास पेटलेली, वर कुकरच्या वाफा.

फ्रिजचा माथा : ३६. फ्रिज आतली उष्णता मागून आणि बाजूंनी बाहेर टाकतो, ती वर चढते.

वरच्या खोलीतली पेटी : ३९.५, आणि तेही संध्याकाळी सात वाजता. दुपारभर तापलेला स्लॅब ऊन उतरल्यावर खोलीत उष्णता सोडत राहतो, म्हणून वरच्या मजल्यावर दुपारी माप घेऊन भागत नाही. माळ्याचंही तेच. औषधाचा साठा माळ्यावर टाकायची पद्धत बऱ्याच घरांत आहे, ती मोडायला हवी.

माजघर, जमिनीपासून दोन फुटांवर, आतल्या भिंतीला : कमाल ३१, किमान २७, आर्द्रता ३५ ते ५०. यापेक्षा चांगली जागा घरात नाही. दिवसभर ३० च्या खाली राहील अशी एकही जागा मिळाली नाही, आणि एसी नसलेल्या कोल्हापुरातल्या घरात एप्रिल-मे मध्ये ती मिळेल अशी आशा धरू नये. म्हणून हिशेब असा लावला : तापमान जमेल तेवढं खाली आणायचं, आर्द्रता डब्यानं रोखायची, आणि साठा कमी करायचा. तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम घ्यायची सवय मार्च ते जून बंद. महिन्याचीच आणायची.

१० एप्रिल : कपाटाची जागा

लोखंडी छोटं कपाट घरातच पडून होतं. सोयीचं म्हणून माजघराच्या पश्चिमेच्या भिंतीला टेकवलं. संध्याकाळी खोली ३१.५ आणि कपाटाच्या आत ३५. ती भिंत दुपारनंतर उन्हात असते आणि लोखंडी पाठ भिंतीला चिकटली की भिंतीची उष्णता थेट आत जाते. कपाट देवघराच्या बाजूच्या आतल्या भिंतीला हलवलं, मागं चार बोटं जागा सोडली, खाली लाकडाचे ठोकळे दिले. आतलं तापमान खोलीइतकंच राहू लागलं. ठोकळे पावसाळ्यासाठीही लागतातच, जुन्या घराची फरशी जून-जुलैत ओल धरते.

वरचा खण आणि खालचा खण यांत दोन अंशांचा फरक आहे. थंड खण खालचा, आणि पोराचा हातही तिथंच पोचतो. म्हणून कडी आणि छोटं कुलूप लावलं, ९० रुपये. किल्ली वर खुंटीला. दोन अंशांसाठी कुलुपाशिवाय औषधं खाली ठेवायची नाहीत. कुलूप शक्य नसेल तर सरळ वरचा खण वापरावा.

खिडक्यांचा क्रमही बदलला. सकाळी नऊला खालच्या मजल्याच्या खिडक्या बंद, जाड पडदे ओढलेले. संध्याकाळी घाटाकडून वारा सुटला की सगळं उघडायचं ते सकाळपर्यंत. एवढ्यानं माजघराचा कमाल आकडा साधारण एका अंशानं उतरला, खर्च शून्य.

१४ एप्रिल : डबे आणि सिलिका जेल

आधी कपाटाच्या खणात उघडी वाटी भरून सिलिका जेल (ओल शोषणारे दाणे) ठेवून पाहिलं. फुकट गेलं. दाराच्या फटीतून हवा येत राहते, जेल दोन दिवसांत रंग बदलून बसलं आणि आर्द्रता होती तिथंच. जेलचा उपयोग बंद डब्यातच होतो.

झाकणाला रबर आणि चारी बाजूंना कड्या असलेले पाच लिटरचे चार डबे आणले, ५२० रुपये. प्रत्येकात ५० ग्रॅम जेल, सुती कापडाच्या पुरचुंडीत. डब्यातली आर्द्रता ३० च्या आसपास टिकली. जेल नारिंगी रंगाचं घ्यावं, ते ओल धरल्यावर हिरवट होतं. निळं मिळतं, त्यातला रंग कोबाल्टचा असतो आणि तो विषारी, घरात नको. जेल पुन्हा कोरडं करायला स्वयंपाकात न वापरायच्या जुन्या तव्यावर अगदी मंद आचेवर हलवत राहायचं, रंग परत आला की उतरवायचं. आच वाढली तर रंग जळतो आणि मग ते कधी भरलं हे कळत नाही.

रोजच्या गोळ्यांचा डबा वेगळा केला. दिवसातून तीनदा उघडणाऱ्या डब्यात साठा ठेवला तर साठ्यालाही तितकीच ओल मिळते. तर डबे असे : एक रोजचा, एक साठ्याचा, एक प्रथमोपचाराचा, एक बाळाच्या औषधांचा. प्रत्येकाच्या झाकणावर आत काय आहे आणि कशाची मुदत आधी संपते ते लिहिलेला कागद.

सिरपच्या बाटल्या डब्यात बसत नाहीत. त्या उभ्याच, एका ताटलीत ठेवल्या आणि प्रत्येक वेळी बाटलीचा गळा ओल्या फडक्यानं पुसायचं ठरवलं. नाहीतर खालच्या खणात मुंग्यांची रांग लागायला एक रात्र पुरते.

१९ एप्रिल : मूळ पाकिटातून काय काढायचं नाही

आठवड्याच्या खणांचा प्लास्टिकचा डबा आजींना सोयीचा पडतो, तो काढून घ्यायचा नव्हता. पण त्यात काय भरायचं यावर बंधन घातलं. दोन्ही बाजूंनी ॲल्युमिनियम असलेल्या पाकिटातली गोळी ओलीला नाजूक असते, म्हणूनच कंपनीनं ते महागडं पाकीट वापरलेलं असतं. ती ऐन वेळीच काढायची. फिट्सवरचं सोडियम व्हॅलप्रोएट हवेतली ओल ओढून घेतं, ते खणात नको. रक्त पातळ करणाऱ्यांपैकी डॅबिगाट्रान तर मूळ पाकिटातून किंवा बाटलीतून बाहेर काढून ठेवायचंच नसतं. थायरॉईडची गोळी उष्णता, उजेड आणि ओल तिन्हींना नाजूक. तिच्या बाटलीतली कोरडेपणा राखणारी पुडी कचरा समजून फेकू नये, बाटलीत गोळ्या असेपर्यंत ती आतच राहू द्यावी. छातीत दुखलं तर जिभेखाली ठेवायची नायट्रोग्लिसरीनची गोळी असेल तर ती काचेच्या मूळ बाटलीतच, कापूस न कोंबता. ते औषध उडून जातं आणि कापूस-प्लास्टिक ते शोषून घेतं.

शुगर मोजायच्या पट्ट्या : डबीतून एक काढली की झाकण लगेच टक्‌ आवाज येईपर्यंत बंद. डबीच्या झाकणातच कोरडेपणाची सोय असते. बाहेर काढून ठेवलेली किंवा डबी उघडी राहिलेली पट्टी चुकीचा आकडा दाखवते, आणि त्या आकड्यावर इन्सुलिनचं प्रमाण ठरतं. पट्ट्या फ्रिजमध्येही नकोत. डबी उघडल्याची तारीख तिच्यावर लिहिली.

जलसंजीवनीच्या पुड्या उन्हाळ्यात हव्यातच. बोटांनी चाचपून पाहिल्या. ज्या खडा झाल्या होत्या किंवा आत तपकिरी दिसत होत्या त्या काढल्या. कालवलेलं पाणी २४ तासांनंतर टाकून द्यायचं, फ्रिजमध्ये ठेवलं असलं तरी.

२२ एप्रिल : डिकी

उद्या जोतिबाची चैत्र यात्रा, म्हणून प्रवासाची पिशवी भरली. डिकीत मापक ठेवून गाडी दुपारी एक ते तीन उन्हात उभी केली होती, आकडा ५२. फवाऱ्याच्या डब्यांवर ५० अंशांवर नेऊ नका असं लिहिलेलं असतं आणि दम्याचा पंप हाही दाबाखालचाच डबा आहे. पंप, डिओडरंट, सॅनिटायझर, सनस्क्रीन यांतलं काहीच डिकीत नाही. पंप खांद्याच्या पिशवीत, आतल्या कप्प्यात, पाण्याच्या बाटलीशेजारी सुती रुमालात गुंडाळून.

२७ एप्रिल : फ्रिज

इथं सगळ्यात जास्त वेळ गेला आणि तो जायलाच हवा होता, कारण इन्सुलिन इथं असतं.

फ्रिज एका दाराचा, वर बर्फाचा कप्पा, त्याखाली ट्रे. वायरीचा प्रोब (तापमान टिपणारं टोक) असलेलं थर्मामीटर आणलं, १८० रुपये. प्रोब हवेत लोंबकळत ठेवला तर दार उघडलं की आकडा उड्या मारतो. म्हणून पाण्यानं भरलेल्या छोट्या बाटलीत बुडवला. औषधाचं खरं तापमान त्याच्या जवळ जाणारं असतं.

उन्हाळा म्हणून नॉब सगळ्यात जास्त थंडीवर फिरवलेला होता. बर्फाखालच्या ट्रेमध्ये पहाटे शून्याच्या खाली. मागच्या भिंतीला लागून १ अंश. दारातल्या कप्प्यात ६ ते १३, दार उघडेल तसं. मधल्या फळीवर, पुढच्या बाजूला ४ ते ६. नॉब मधल्या आकड्यावर आणल्यावरही मधली फळीच चांगली राहिली. इन्सुलिनची जागा ती. घराघरांत ते दारातल्या अंड्यांच्या कप्प्यात असतं, आणि तिथं दिवसातून तीसदा गरम हवा लागते.

उन्हाळ्यात सगळं लक्ष गरम होण्याकडे असतं, पण फ्रिजमध्ये खरा धोका गोठण्याचा आहे. गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर पूर्वीसारखं दिसलं तरी वापरायचं नाही. म्हणून झाकणाचा प्लास्टिकचा डबा, त्यात पुठ्ठ्याच्या मूळ खोक्यासकट इन्सुलिन, डबा मागच्या भिंतीपासून वीतभर पुढे. डब्यावर ‘मागे सारू नये’ असं लिहून लावलं, कारण भाजीची पिशवी ठेवताना सगळं मागे ढकललं जातं.

चालू असलेलं इन्सुलिनचं पेन फ्रिजमध्ये नाही, माजघरात. बहुतेक प्रकार ३० अंशांच्या आत २८ दिवस चालतात. काहींना मुदत जास्त, काहींना तापमानाची मर्यादा २५, त्यामुळे खोक्यातला कागद वाचूनच तारीख धरायची. सुरू केल्याची आणि संपायची अशा दोन तारखा पेनवर चिकटवल्या. टोचून झालं की सुई काढायची. लावून ठेवली तर तापमान बदलेल तसं इन्सुलिन गळतं आणि हवा आत जाते. स्वच्छ दिसायचं इन्सुलिन गढूळ झालं, किंवा दुधाळ प्रकार तळहातात फिरवूनही गुठळ्या राहिल्या, तर ते बाद.

बर्फ वितळवायचं बटण दाबलं की कॉम्प्रेसर बंद राहतो आणि मधली फळी १२ पर्यंत चढली. आता हे काम पहाटे, आणि तोवर इन्सुलिनचा डबा रुंद तोंडाच्या थर्मासमध्ये. थर्मासमध्ये आधी फ्रिजचं पाणी घालून तो गार करून घ्यायचा आणि मग पाणी ओतून द्यायचं. बर्फ टाकायचा नाही.

फ्रिजमध्ये आणखी काय? पाण्यात कालवलेलं ॲमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिडचं (अँटिबायोटिकचं) सिरप, सात दिवस. काचबिंदूचे लॅटानोप्रोस्टचे थेंब, बाटली फोडेपर्यंत. ग्लिसरीनच्या किंवा तापाच्या गुदद्वारातून द्यायच्या वात्या मऊ पडल्या असतील तर. यापलीकडे औषधं फ्रिजमध्ये कोंबायची नाहीत. साखरेच्या सिरपमध्ये खडे धरतात, पंप गार झाला की फवारा कमी येतो, आणि गोळ्यांचं पाकीट आत-बाहेर केलं की त्यावर दव धरतं. ‘२५ च्या खाली’ असलेली एखादी महागडी गोळी मेडिकलवाल्यांना विचारून फ्रिजमध्ये ठेवायचीच झाली तर हवाबंद डब्यात, आणि डबा बाहेर काढल्यावर घराच्या तापमानाला येईपर्यंत उघडायचा नाही.

३ मे : साबणापासून सॅनिटायझरपर्यंत

प्रसाधनांत तीन गट पडले.

वितळणाऱ्या वस्तू : खोबरेल, पेट्रोलियम जेली, लिपबाम, लिपस्टिक, काजळ. खोबरेल २५ अंशांच्या आसपास पातळ होतं, त्यात बिघाड काही नाही. पेट्रोलियम जेलीत पाणी नसतं, वितळून पुन्हा घट्ट झाली तरी चालते, फक्त डबी उभी ठेवायची. औषधी मलमाचं तसं नाही. मलम पातळ झालं की औषध तळाशी बसू शकतं आणि वरून घेतलेल्या बोटभर मलमात ते कमी येतं. ट्यूब उघडल्यावर आधी तेलासारखं पाणी आलं तर ती ट्यूब बाद.

फुटणाऱ्या वस्तू : सनस्क्रीन, लोशन, क्रीम. यांत तेल आणि पाणी एकत्र बांधलेलं असतं, उष्णतेनं ते सुटतं. सुटलेलं सनस्क्रीन हलवून लावलं तरी त्वचेवर सारखं पसरत नाही. उन्हापासून संरक्षण मिळतंय या समजुतीत माणूस उन्हात फिरतो, म्हणून ते सरळ टाकलं. व्हिटॅमिन सीचं सीरम तपकिरी झालं होतं, तेही. मुरमांवरच्या ट्रेटिनॉइनची ट्यूब औषधातच धरायची, माजघराच्या कपाटात.

पेटणाऱ्या वस्तू : सॅनिटायझर, नेलपॉलिश रिमूव्हर, डिओडरंटचे फवारे, डासांच्या यंत्राच्या बाटल्या. यांतल्या काही देवघराशेजारच्या कोनाड्यात, समईपासून हातभर अंतरावर होत्या. अल्कोहोलची वाफ घरातल्या साध्या तापमानालाही ठिणगीनं पेट घेते. उन्हाळ्यात ती वाफ जास्त निघते. सगळं जिन्याखालच्या हवेशीर खणात हलवलं, तिथं ना ज्योत, ना ऊन, ना प्लग.

बाथरूममध्ये राहिलं ते इतकंच : चालू साबण, शॅम्पू, टूथपेस्ट, ब्रश. साबणाच्या जादा वड्या, दाढीची पाती, सॅनिटरी पॅड कोरड्या खणात. पॅड बाथरूममध्ये नकोतच, ते ओल ओढण्यासाठीच बनवलेले असतात.

कापूर, बाम आणि डांबरगोळ्या औषधांपासून लांब. एक कारण वास, बंद डब्यात तो गोळ्यांना लागतो. दुसरं कारण मोठं : डांबरगोळी पोराला पेपरमिंटची वाटते आणि ती पोटात गेली तर रक्तपेशी फुटू शकतात. संडास साफ करायचं ॲसिड आणि ब्लीच एकाच बादलीत ठेवलेलं होतं. दोन्ही सांडून मिसळलं तर क्लोरीन वायू तयार होतो. ॲसिड संडासाच्या बाहेरच्या खणात, ब्लीच मागच्या परड्यातल्या सावलीच्या फळीवर, अशी फारकत केली. ब्लीच उन्हात आणि गरम जागी आपोआप कमजोर होतं, म्हणून छोटीच बाटली आणायची.

८ मे : वीज गेली तर, पहिला आणि दुसरा प्रयोग

वळवाच्या वाऱ्यात तारा तुटतात, फांद्या पडतात, वीज तासन्‌तास येत नाही. फ्रिज बंद राहिला तर इन्सुलिन कुठं?

थर्माकोलचा डबा (१५० रुपये) आणि गोठवलेली पाण्याची बाटली, हा पहिला प्रयोग. बाटलीला चिकटलेला प्रोब १ अंशावर गेला, डब्याच्या दुसऱ्या टोकाला १४. पुठ्ठ्याची खोकी दवानं भिजली, शाई पसरली. इन्सुलिनसाठी बाद ठरवला.

दुसरा प्रयोग दोन माठांचा. कुंभार गल्लीत मोठा माठ १८०, लहान ९०. तिथल्या मावशींनी आधीच बजावलं, “रंगवलेला घेऊ नकासा, पाणी झिरपणार न्हाई.” तेच खरं. रंगानं छिद्रं बुजली की बाहेर ओल येत नाही आणि गारवाही येत नाही. मोठ्या माठात तीन बोटं वाळू, त्यावर लहान माठ, मधल्या फटीत वाळू, वाळू पाण्यानं भिजवलेली, तोंडावर ओलं गोणपाट (३० रुपये). लहान माठात स्टीलचा घट्ट झाकणाचा डबा, त्यात झिपच्या पिशवीत पेन. माठाच्या आतली हवा ओली असते, पेन उघडं ठेवायचं नाही.

माजघराच्या कोपऱ्यात ठेवला तेव्हा आत २९, काहीच मिळवलं नाही. हवा हलत नव्हती. सोपा आणि मागचं दार यांच्या मधल्या बोळात, सावलीत, तिवईवर ठेवला तेव्हा दुपारी तीनला बाहेर ३८ आणि आत २५.५. वाळूला सकाळ-संध्याकाळ पाणी, एकेक तांब्या. चालू पेनासाठी हे तापमान उत्तम. बंद खोक्यांची कायमची जागा मात्र ही नव्हे, ती फ्रिजचीच.

१६ मे : वळीव

दुपारी चारला ढग भरून आले, वारा, गारा, आणि पाचला वीज गेली. रात्री साडेनऊला आली. फ्रिजचं दार एकदाही उघडलं नाही, दारावर कागदच लावला होता. प्रोब ५ वरून ८.५ वर पोचला. फ्रिजमधल्या रिकाम्या जागा आधीच पाण्याच्या बाटल्यांनी भरून ठेवल्या होत्या, त्याचा हा फायदा. एवढ्यानं बंद इन्सुलिन बिघडत नाही. डब्यावर तारीख आणि तास तेवढे लिहिले, अशा वेळा वारंवार येऊ लागल्या तर मेडिकलवाल्यांना दाखवायला.

माठाचं मात्र वेगळं झालं. पावसानंतर हवा ३३ अंश आणि आर्द्रता ६५, माठात २८.५. हवा दमट झाली की पाणी उडत नाही, मग गारवा कुठून येणार? माठ एप्रिलच्या कोरड्या हवेत जेवढा चालतो तेवढा वळवानंतर चालत नाही. हे आधी ओळखून असावं, कारण वीज जाते ती नेमकी वळवातच. ज्यांच्या पेनाची मर्यादा २५ आहे त्यांनी माठावर विसंबू नये. फ्रिज बंद ठेवून त्यातच राहू द्यावं.

डब्यांमधली आर्द्रता त्या आठवड्यात ३० वरून ४२. दोन डब्यांतलं जेल कोरडं करून घेतलं.

२३ मे : टाकायचं ते टाकलं

मुदत संपलेलं, वास बदललेलं, ठिपके पडलेलं, चिकटलेल्या कॅप्सूल (व्हिटॅमिन ईच्या सहा एकमेकींना चिकटून गोळा झाल्या होत्या), उघडून महिना झालेले डोळ्यांचे थेंब. भरलेली पाकिटं तशीच कचऱ्यात टाकली तर ती उचलून पुन्हा वापरात येऊ शकतात. गोळ्या पाकिटातून काढल्या, माती आणि चहाच्या चोथ्यात कालवून पिशवी बांधली. मुदत संपलेली औषधं घरगुती घातक कचरा समजायची, म्हणून ती ओल्या-सुक्यात न मिसळता घंटागाडीवर वेगळी, सांगून द्यायची. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत, झाकण चिकटपट्टीनं बंद, बाटलीवर ‘सुया’ असं मोठ्या अक्षरात. घंटागाडीवरच्या माणसाच्या हातात सुई घुसू नये, ही काळजी आपली आहे.

पाऱ्याचा जुना थर्मामीटर बाथरूमऐवजी वरच्या पेटीत होता. त्याची मापपट्टी ४२ पर्यंतच असते. त्याहून गरम जागी पारा आणखी फुगून काच फुटू शकते. खोक्यासकट तोही घातक कचऱ्यात दिला.

आजवरचा खर्च : मापकं ६४०, प्रोब १८०, डबे ५२०, अर्धा किलो जेल २४०, दोन माठ २७०, गोणपाट ३०, कुलूप-कडी ९०, वाया गेलेला थर्माकोल १५०. एकूण २,१२० रुपये. वाळू आणि ठोकळे घरचेच. पैसे मोजकेच असतील तर एक मापक आणि रोजच्या गोळ्यांसाठी एक हवाबंद डबा, एवढं आधी घ्यावं. कपाट हलवायला आणि खिडक्या वेळेवर लावायला पैसे लागत नाहीत.

१० जून : पाऊस लागला

माजघर २७ अंश, आर्द्रता ८२. उन्हाळ्याची मांडणी इथं संपते आणि ओलीची सुरू होते. माठ रिकामा करून वाळू वाळत टाकली, माठ पालथा घातला. रात्रीच्या खिडक्या आता औषधांच्या खोलीत उघड्या ठेवायच्या नाहीत. फ्रिजचा नॉब एक घर कमी केला, बाहेर गारवा आल्यावर जुन्या आकड्याला मधली फळी २ च्या खाली जाऊ लागली होती. जेल दर आठवड्याला पाहायचं, हिरवं दिसलं की तवा. रोजच्या डब्यात ५० ऐवजी १०० ग्रॅम घातलं आहे, आणि कपाट भिंतीपासून आणखी दोन बोटं पुढे ओढलं आहे. आतल्या भिंतीलाही खालून ओल चढायला लागली आहे.